तिसऱ्या खाचेचं पाणी

माझ्या कॉम्प्युटरवर दोन फोल्डर होती. एकाचं नाव 'आभाळ', दुसऱ्याचं 'पाणी'. निसर्गाचे फोटो विकून पोट भरणाऱ्या प्रत्येकाकडे ती असतात. नाही म्हणणारा एकतर खोटं बोलतो, नाहीतर त्याच्या घरी दुसऱ्या कोणाचा तरी पगार येतो.

दिवाळी अंकात आपल्या धंद्यावर लिहिणारे लोक शेवटी सगळं गोड करतात, असं मी पाहिलंय. माझ्याकडे गोड काही नाही, हे मी संपादकांना फोनवरच सांगितलं. ते म्हणाले, तरी लिहा. शब्दांच्या मर्यादेवर थोडी घासाघीस झाली, ती मी जिंकलो. मला माझं म्हणणं एकदा शेवटपर्यंत मांडायचं आहे. जिथे मांडायला हवं होतं तिथे मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात देशभर पांगली, तसा मीही चेन्नईला आलो. दोन वर्षं आम्लाच्या धुरात काढली, मालकाशी भांडलो आणि बाहेर पडलो. एक जुना कॅमेरा घेतला आणि टी. नगरातल्या साड्यांच्या दुकानांचे कॅटलॉग करू लागलो. शिकवायला कोणी नव्हतं. कांजीवरमचा जरीकाठ चमकला पाहिजे पण फोटोत पांढरा फुटता कामा नये, हे मी शिव्या खात शिकलो. निसर्गचित्रांकडे वळलो ते नंतर, आणि हौस म्हणून नव्हे. साडी नेसणारी मॉडेल उशिरा येते, दुकानदार डोक्यावर उभा राहतो. तळं उशीर करत नाही, डोक्यावर उभंही राहत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

गिऱ्हाइकं मात्र सगळीकडे सारखीच. अण्णा नगरमधल्या एका रुग्णालयाला अतिदक्षता विभागाच्या बाहेर लावायला तळ्याचं मोठं चित्र हवं होतं. मी मावळतीचं एक दाखवलं. तिथले व्यवस्थापक दचकले. "सार, सूर्यास्त नको. बाहेर नातेवाईक बसलेले असतात." मी म्हटलं, उद्या दुसरं आणतो. दुसऱ्या दिवशी तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं करून नेलं आणि सूर्योदय म्हणून लावून आलो. ते अजून तिथे आहे. उगवतीचा आणि मावळतीचा सूर्य फोटोत वेगळा ओळखता येत नाही. सांगणारा सांगेल तो खरा. ह्या गोष्टीवर मी पुष्कळ वर्षं हसलो.

आता फोल्डरांचं सांगतो. तुम्ही जागेवर जाता तेव्हा झाडं चांगली असतात, पण आभाळ पांढरं फटक असतं. कधी आभाळ सुंदर असतं आणि खाली चिखल. मग एका दिवसाचं आभाळ दुसऱ्या दिवसाच्या झाडांवर बसवायचं. त्यासाठी चांगलं आभाळ दिसलं की नुसतं आभाळ टिपून ठेवायचं. पाण्याचंही तसंच. पण पाणी बसवणं अवघड. त्यावर सगळ्याची सावली पडते, लाटेला दिशा असते. चेन्नईत हे काम माझ्यासारखं करणारे दोन-तीनच होते, आणि त्यांतल्या एकाला मीच शिकवलं.

ज्या तळ्याबद्दल लिहितोय ते सिरुसेरीच्याही पुढे, आतल्या रस्त्याला आहे. गावाचं नाव लिहीत नाही. वकिलांनी लिहू नका म्हणून सांगितलंय. अशा तळ्याला इकडे एरी म्हणतात. एका बाजूला मातीचा लांब बांध, त्यात शेतांकडे पाणी सोडायचं दार. समोरच्या बाजूला बांध नाही. तिथे जमीन हळूहळू चढत जाते आणि पाऊस होईल तसं पाणी त्या उतारावर पसरत जातं. एरी भरली की जास्तीचं पाणी बांधाच्या टोकाला सांडव्यावरून खाली उतरतं. ह्या सांडव्याच्या खालच्या अंगाला गावाची एक गल्ली आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं की तुमचा पाऊस परततो तेव्हा आमचा सुरू होतो. आमची दिवाळी छत्रीत असते.

उतारावर, पाच ताडांच्या रांगेपुढे, एक उभा दगड होता. माणसाच्या छातीएवढा. त्यावर तीन आडव्या खाचा. पाणी तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या खाचेला लागलं की एरी भरली. त्या दिवशी दगडाला हळदीत बुडवलेलं कापड बांधायचं, बांधावरच्या देवीला पोंगल शिजवायचा आणि मग कोणत्या शेताला किती पाणी ते ठरवायचं. हे सगळं ज्याच्या हुकमाने चाले त्या माणसाला नीरकट्टी म्हणतात. पाण्याचं दार उघडणं-मिटणं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे. मुनुसामी हा तिथला नीरकट्टी. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, काडीसारखा, गुडघ्यापर्यंत पाय कायम पांढुरके पडलेले. सांडव्याखालच्या गल्लीत पहिलं घर त्याचं.

आमची ओळख भांडणातून झाली. मला सकाळी पाणी निश्चल हवं होतं, आणि नेमक्या त्या वेळी गावच्या म्हशी पाण्यात उतरत. मी ओरडलो. हा काठी घेऊन आला.

"कोण रे तू? पाणी तुझं आहे का?"

"अर्धा तास म्हशी थांबवा, पेरियवरे," मी म्हटलं. वडीलधाऱ्या माणसाला इकडे पेरियवर म्हणतात. "काय घ्यायचं ते घ्या."

"पैसे म्हशींना देणार का मला?"

"ज्याला हवे त्याला."

तो हसला. "पैसे नको, सेट. दगडाला कापड बांधतो त्या दिवशी यायचं. फोटो काढायचा, कागदावर करून आणायचा, देवळात लावायचा. दर वर्षी. मग अर्धा तास काय, दोन तास म्हशी थांबवतो."

चेन्नईत उत्तरेकडून आलेल्या कोणालाही सेट म्हणतात, सांगलीवाल्यालासुद्धा. मला तो शब्द आवडत नाही. पण पैसे न मागणाऱ्या माणसाशी घासाघीस कशी करायची हे मला आजही कळत नाही. मी कबूल झालो.

त्यानंतर अकरा पावसाळे मी तो सौदा पाळला. एरी भरली की मुनुसामीचा फोन येई, "सेट, तिसरी खाच." मी जाई. त्या फोटोंना मी कधी फोटो मानलं नाही, हे कबूल करतो. गर्दी, पंचायतीतली पोटं पुढे काढलेली माणसं, कोणाच्या हातात पातेलं. सगळे दगडाला चिकटून उभे राहत, त्यामुळे दगडच दिसत नसे. एक प्रत काढायची, देवळात खिळ्याला टांगायची, संपलं. कॉम्प्युटरवर जागा कमी पडली की मी पहिल्यांदा ते काढून टाकत असे. आभाळ आणि पाणी मात्र जपून ठेवत असे.

त्यांतल्या एका वर्षी टी. नगरमध्ये दिवाळीच्या आधीचं काम अंगावर होतं. मुनुसामीचा फोन आला, मी उद्या म्हटलं, आणि चार दिवसांनी पोचलो. दगडाला कापड होतं, पोंगल कधीच संपला होता, आणि शेतांकडचं दार उघडल्यामुळे पाणी दुसऱ्या खाचेच्याही खाली गेलं होतं. तिसऱ्या खाचेपाशी दगडावर नुसती ओल होती, काळी, स्पष्ट. मी तिला बोट लावून पाहिलं होतं. ही ओल मी पाहिली, हे वाचकांनी विसरू नये.

"उशीर केलात, सेट," मुनुसामी म्हणाला. "पाणी थांबत नाही कोणासाठी."

"फोटोत थांबवतो, पेरियवरे."

माणसं नव्हती, म्हणून पहिल्यांदाच दगड पुरता दिसत होता. मागे पाच ताड. मी दगड टिपला आणि घरी आल्यावर 'पाणी' फोल्डर उघडलं. माझ्याकडे त्याच एरीचं आदल्या वर्षीचं फार सुरेख पाणी होतं. बारीक लाट, एका बाजूला एक पाय उचललेला बगळा. ते मी तिसऱ्या खाचेपर्यंत चढवलं. ताडांच्या सावल्या पाडल्या, कापडाची पिवळी छटा पाण्यात उतरवली. दुपारभर खपलो. उशिराची भरपाई म्हणून मोठी प्रत काढली, चांगल्या कागदावर, काचेच्या चौकटीत.

मुनुसामीने ती दोन्ही हातांनी धरली. "आलं की हो पाणी परत!" असं म्हणून तो लहान पोरासारखा हसला. पाणी कसं आलं हे त्याला कळत नव्हतं, असं मी तेव्हा धरून चाललो.

दोन वर्षांनी एका बांधकाम कंपनीचा विक्री व्यवस्थापक माझ्याकडे आला. एरीच्या उतारावर प्लॉट पाडायचे होते आणि पुस्तिकेसाठी चित्र हवं होतं. घरापुढे लॉन, लॉनपुढे बाक, बाकापुढे तळं. भर उन्हाळा होता, एरीत भेगा पडल्या होत्या.

"पाणी तुम्ही घालता म्हणे," तो म्हणाला.

"घालतो. पण भाव माझा."

जागा पाहायला गेलो तेव्हा खुंट्या ठोकलेल्या होत्या. पाच ताड खुंट्यांच्या आत होते. दगडही आत. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. तळ्यातली जमीन विकायला काढणाऱ्याला घाई असते, आणि घाई असलेल्या माणसाकडून दुप्पट मिळतात, एवढं मला कळलं, आणि दुप्पट मिळाले. खुंट्या कुठे ठोकल्यात हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं. हातात आलेलं काम मी तोवर कधी सोडलं नव्हतं.

पाणी बसवायला पुन्हा तोच तुकडा काढला. चांगल्या पाण्याचे तुकडे थोडेच असतात. बगळा ठेवला, कारण त्या व्यवस्थापकाला तो फार आवडला.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी दगड उपटला गेला. कोणी उपटला ते कोणी पाहिलं नाही. टिपरने माती येऊ लागली, उतार भरून उंच होऊ लागला. मुनुसामी थेट माझ्या घरी आला. आयुष्यात पहिल्यांदा मेट्रोत बसून, हातात चप्पल घेऊन. माझी बायको वत्सला तंजावरकडच्या मराठी घराण्यातली, तमिळ तिची घरचीच. तिने त्याला बसवलं, ताक दिलं. त्याने ते हातात धरून ठेवलं.

"सेट, एरीला पसरायला जागा राहिली नाही तर पाणी कुठे जाणार? सांडव्यावरून. सांडव्याखाली कोण? आम्ही. चौकशी लागली आहे. कंपनीवाले म्हणतात, दगड कधी नव्हताच. पाणी तिथवर कधी आलंच नाही. कागदावर हद्द पुसट आहे. आमच्याकडे फोटो आहेत. तुमचे."

मी त्याच्याबरोबर देवळात गेलो. अकरा चौकटी. दिव्याच्या काजळीने आणि तेलाने सहा काळ्या पडल्या होत्या, दोन ओलीने फुगल्या होत्या. दोनांत दगडापुढे माणसं. दगड, खाचा, ताड आणि पाणी असं सगळं स्वच्छ दिसणारं चित्र एकच होतं. चांगल्या कागदावरचं, काचेतलं.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. घरी वत्सलाला सांगितलं. ती तिच्या जुन्या वळणाच्या मराठीत एवढंच म्हणाली, "त्यांणी विचारलं तर काय सांगणार?"

"पाणी आलं होतं, हे सांगणार."

"ते नाही. फोटो खरा का, असं विचारलं तर?"

मी तिच्यावर ओरडलो. राग आला की मी ओरडतो, आणि मला राग येतो तो बहुधा उत्तर माहीत असतं तेव्हा.

चौकशी तालुक्याच्या कचेरीत होती. टेबलामागे अधिकारी, शेजारी लिहून घेणारा कारकून, एका बाजूला गल्लीतली सात-आठ माणसं, दुसऱ्या बाजूला तो विक्री व्यवस्थापक. अधिकाऱ्यांनी चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. त्यांच्या तोंडावरून मला दिसत होतं, त्यांना ते पटतंय. ताडांची रांग अजून जागेवर होती; दगड कुठे होता ते शाळेतल्या मुलालाही सांगता आलं असतं.

"हा फोटो तुम्ही काढला?"

"हो, सार."

"त्या दिवशी जसं दिसलं तसाच आहे?"

मी मुनुसामीकडे पाहिलं. त्याने नजर जमिनीवर ठेवली होती. तेवढ्यावरून मला समजायला हवं होतं की त्याला सगळं ठाऊक आहे.

"हो, सार," मी म्हणालो.

व्यवस्थापक उठला. त्याने आपली छापील पुस्तिका टेबलावर ठेवली, चित्राच्या शेजारी, आणि बोट ठेवलं. बगळ्यावर. मग चित्रातल्या बगळ्यावर. तोच पाय उचललेला, तीच लाट, लाटेवर तीच वाळकी काडी. दगडापुढे आणि बाकापुढे एकच पाणी.

"सार, हे पाणी ह्यांनी आम्हाला विकलंय," तो म्हणाला. "उन्हाळ्यात. एरी कोरडी होती तेव्हा. हे पाणी कुठेही घालतात. ह्यांची ख्यातीच आहे तशी."

कोणीतरी हसलं. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, चौकटीची काच तडकली. मी ओरडलो, "फोटो खोटा आहे, पण पाणी खरं होतं! ओल मी हाताने पाहिलीये! मी चार दिवस उशिरा आलो म्हणून पाणी खोटं होतं का?"

"सावकाश बोला."

"का सावकाश? दगड ह्यांनी उपटला, ते विचारा ना! उतारावर येऊन कोणीही खणू दे, पाण्याचा गाळ..."

"बाहेर जा," अधिकारी म्हणाले.

कारकुनाने माझ्या बोलण्यातलं काय लिहून घेतलं ते मला नंतर नक्कल काढल्यावर कळलं. 'फोटो खोटा असल्याचे छायाचित्रकाराने मान्य केले.' त्यापुढचं काही नाही. माझी तक्रार आहे ती ही. फोटो खरा का, हे त्यांनी विचारलं; पाणी आलं होतं का, हे एकदाही नाही. बाकीच्या दहा चौकटी एकाच माणसाच्या, तेव्हा त्याही बाजूला ठेवल्या. पुराव्याअभावी चौकशी मिटली.

बाहेर पिंपळाखाली मुनुसामी उभा होता. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "मला माहीत होतं, सेट. चौथ्या दिवशी पाणी परत कसं चढेल? नीरकट्टी आहे मी." मग म्हणाला, "पण मला वाटलं, खऱ्याच दिवसाचा आहे ना. चालेल."

मीही तसंच समजत होतो. दोघांचीही चूक एकच, पण घर त्याचं होतं.

भर घातलेल्या उताराभोवती प्लॉटांची भिंत झाली. पुढच्या पावसाळ्यात एरीचं पाणी सांडव्यावर आलं ते पूर्वी कधी नव्हतं तसं आलं. प्लॉट उंचावर कोरडे राहिले. खालच्या गल्लीत एका दुपारी पाणी शिरलं आणि दोन दिवस राहिलं. माणसं शाळेत नेली होती. भाताची पोती, शेळ्या, भिंती गेल्या. मुनुसामीची बायको दम्याची. शाळेच्या ओल्या फरशीवर तिची छाती भरली, आणि आठवड्याने ती गेली. पाण्याने गेली असं कोणत्याच कागदावर नाही.

ती गेल्याच्या बाराव्या दिवशी त्याचा फोन आला. तोच आवाज, तेच शब्द. "सेट, तिसरी खाच."

मी त्याच दिवशी गेलो. त्याच्या घराची एक भिंत पडली होती. दाराची चौकट उभी होती. त्या चौकटीच्या लाकडात त्याने कोयत्याने तीन खाचा पाडल्या होत्या. पहिली गुडघ्याला, दुसरी कमरेला, तिसरी छातीशी, जिथवर पाणी चढलं तिथे. वर हळदीचं कापड बांधलं होतं.

"काढा," तो म्हणाला.

मी काढला. आभाळ पांढरं फटक होतं. मागे प्लास्टिकची खुर्ची चिखलात उलटी रुतली होती, विजेचा खांब नेमका चौकटीच्या डोक्यातून वर आल्यासारखा दिसत होता. दोन पावलं डावीकडे सरकलो असतो तर खांब गेला असता. सरकलो नाही. घरी येऊन दोन्ही फोल्डर काढून टाकली. त्याने कोणाचं भलं झालं असं नाही. आता तेच काम मी शिकवलेला माणूस करतो, माझ्याहून स्वस्तात.

प्रत घेऊन गेलो तेव्हा मुनुसामी देवळाच्या पायरीवर बसला होता. आत अकरा चौकटी आपापल्या खिळ्यांना परत आल्या होत्या, एकीची काच तडकलेली. त्याने फोटो मांडीवर ठेवला. दाराची चौकट, खाचा, कापड, भिंतीवर उमटलेली पाण्याची मातकट रेघ, सगळं पाहिलं. मग त्या रेघेवर अंगठ्याचं नख ठेवलं आणि जोर देऊन खरवडून पाहिलं, निघते का.